दिवाळीनंतरचा शुकशुकाट मुंबईला हवाच आहे

संपादक महोदय,

भाऊबीज उलटली की दरवर्षी बहुतेक वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. बाजार ओस पडले, दुकानदार माश्या मारत बसले, रस्त्यांवर शुकशुकाट पसरला, असा तिचा सूर असतो आणि सोबत दादरच्या एखाद्या रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्याचे छायाचित्र असते. व्यापाऱ्यांची अडचण मी नाकारत नाही. पण याच बातमीकडे दादरमध्ये राहणारा एक नागरिक म्हणून पाहिले, तर मला तीत तक्रारीचे काही दिसत नाही. भाऊबीज ते डिसेंबरचा पहिला आठवडा हा मुंबईच्या वर्षातील एकच काळ असा आहे की, ज्यात हे शहर आपल्या माणसांना थोडे सावकाश चालू देते. हा काळ आपण जपावा, आणि तो कशानेही भरून काढण्याचा मोह टाळावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मुंबईच्या उत्सवांची रांग गोपाळकाल्याला सुरू होते. गणपती, पितृपंधरवड्याची थोडी उसंत, नवरात्र, दसरा आणि दिवाळी अशी ती साधारण सव्वादोन महिने चालते. दिवाळी चांद्रपंचांगानुसार मागेपुढे होत असल्याने या उसंतीची लांबीही बदलते. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, 2025 साली ते 21 ऑक्टोबरला आले. म्हणजे कधी आपल्या हाती जेमतेम तीन आठवडे लागतात, तर कधी दीड महिना. शाळांना सुट्ट्या असतात, कोकणातली आणि घाटावरची मंडळी गावी गेलेली असतात आणि गणपतीपासून ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेली सगळी कामे खरे तर याच दिवसांच्या उरावर बसायला हवीत. सुदैवाने ती कोणाच्याच लक्षात राहिलेली नसतात.

शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. त्यातला आश्विन मुंबईत सोसवत नाही. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस मुंबईतून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्यानंतर वारा पडतो, आर्द्रता तशीच राहते आणि घामाच्या धारा लागतात. कार्तिकात मात्र पहाटेचा वारा जमिनीकडून, उत्तर-पूर्वेकडून येऊ लागतो आणि हवा कोरडी होते. दुपारी समुद्रावरचा वारा उशिरा पोहोचतो, म्हणून पारा 33-34 अंशांच्या घरात जातोच. पण सकाळ आणि रात्र आपली असते. त्यातही सांताक्रूझच्या वेधशाळेचे किमान तापमान कुलाब्याच्या वेधशाळेपेक्षा काही अंशांनी खाली असते, त्यामुळे बोरिवलीचा माणूस स्वेटर शोधत असताना कफ परेडचा माणूस पंखा दोनवरून तीनवर नेत असतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येत असला, तरी मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, संध्याकाळी सहाच्या सुमारास. कचेरीतून साडेसहाला बाहेर पडणाऱ्याला या दिवसांत संध्याकाळ दिसतच नाही, त्याच्या वाट्याला थेट रात्र येते. ज्या कचेऱ्यांना शक्य आहे त्यांनी या काही आठवड्यांपुरते कर्मचाऱ्यांना तासभर लवकर येऊन तासभर लवकर निघण्याची मुभा दिली, तर कोणाचेही काही बिघडणार नाही आणि मरीन ड्राइव्हवर सूर्यास्ताला पर्यटकांबरोबर थोडे मुंबईकरही दिसतील.

परदेशी दिनदर्शिकांतील चित्रांमुळे शरद म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लाल-पिवळ्या पानांचा सडा येतो. मुंबईची झाडे या दिवसांत पाने गाळत नाहीत. आपली पानगळ माघ-फाल्गुनात. कार्तिकात पिंपळ, वड, वर्षावृक्ष सगळे पावसाळ्याने भरून दिलेल्या हिरव्या पानांनिशी उभे असतात, फक्त त्यांवर धुळीचा पहिला थर बसू लागलेला असतो. ऋतू ओळखायचा तो वासावरून. सप्तपर्णीला, म्हणजेच सातविणीला, याच सुमारास फिकट हिरव्या-पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि सूर्य मावळल्यावर त्यांचा उग्र, गोडसर वास वाटेत अडवतो. गेल्या काही दशकांत हे झाड रस्त्याकडेला भरपूर लावले गेले. अनेकांना त्या वासाने डोके दुखते, माझ्या पत्नीचेही दुखते, आणि त्यामुळे आमच्या संध्याकाळच्या फेरीचा रस्ता नोव्हेंबरात बदलतो. फेरी मात्र चुकत नाही.

दादर-माटुंग्याच्या पाच उद्यानांकडे जाणारे जुने रस्ते अशा फेरीसाठी उत्तम. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने (इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने) हा भाग आखला, आणि दादर पारशी वसाहतीच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या मंचेरजी जोशी यांनी घरांइतकीच झाडांचीही काळजी घेतली. सव्वाशे वर्षांपूर्वी रोगराईला उत्तर म्हणून मोकळ्या जागा सोडण्याचे शहाणपण या शहराच्या कारभाऱ्यांना सुचले होते, त्याचे फळ आपण अजून खात आहोत. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, याहून जुनी. तेथे सगळी गर्दी पेंग्विनकडे धावते. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावरच्या एखाद्या मंगळवारी (बुधवारी बाग बंद असते) गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्यापाशी जाऊन उभे राहावे. तेथे बहुधा तुम्ही आणि पाचोळा झाडणारा माळी एवढेच असाल.

पक्ष्यांना या काळाचे महत्त्व आपल्याआधी कळलेले दिसते. शिवाजी पार्कच्या मैदानावर शेपूट वरखाली नाचवत तुरुतुरु चालणारे पांढरे-करडे धोबी पक्षी उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात. क्रिकेटचे चार-पाच डाव शेजारी शेजारी चालू असताना ते मिडऑन आणि पलीकडच्या डावातला स्लिप यांच्या मधल्या पट्ट्यात निवांत किडे टिपतात. चेंडू अंगावर आला की दोन हात उडून पुन्हा तेथेच उतरतात. गिरगाव आणि वरळीच्या किनाऱ्यावर कुरव (सीगल) येतात. त्यांना शेव-गाठी घालणाऱ्यांना कोणीतरी आवरायला हवे, तळलेले पदार्थ त्यांचे खाद्य नव्हे. रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) मोठे थवे जानेवारीनंतर दिसतात, पण पहिल्या तुकड्या नोव्हेंबरपासून ठाण्याच्या खाडीत उतरू लागतात. ही खाडी 2015 मध्ये अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

लोकलमधला फरक तर रोज प्रवास करणाऱ्याला दिवाळीच्या सुट्टीत पहिल्याच दिवशी कळतो. गाड्या रिकाम्या धावतात असे मी म्हणणार नाही, मुंबईत तसे कधी होत नाही. पण तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणारा कोणी उभा नाही, खिडकीशेजारचा माणूस पेपर पूर्ण उघडून वाचतो आहे आणि दारातला गृहस्थ स्वतःहून आत सरकून उतरणाऱ्याला वाट देतो आहे, हे दृश्य याच दिवसांत दिसते. मी या काळात जलद गाडी सोडून धीमी गाडी पकडतो. दादर ते चर्चगेट या प्रवासात फरक थोड्या मिनिटांचाच पडतो. त्या मिनिटांच्या बदल्यात बसायला जागा आणि प्रत्येक फलाटावरची माणसे पाहायला मिळतात. घाईची सवय इतकी मुरलेली असते की, घाईचे कारण नसतानाही आपण जिन्यावरून धावतो, हे दुसऱ्यांना धावताना बसून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

मराठी माणसाच्या घरी या संथ दिवसांचा हक्काचा सोबती म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा सुरू आहे, आणि ती दिवाळीच्या चार दिवसांत वाचून संपण्यासाठी नाहीच. फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत अंकांचे गठ्ठे तसेच पडून असतात. खरे वाचन सुरू होते ते पाहुणे गेल्यावर. अनेक ग्रंथालये ठरावीक रक्कम भरून घेऊन अंक आळीपाळीने वाचायला देतात. त्या अंकांना जाड खाकी वेष्टण असते, आतल्या कोपऱ्यात परतीच्या तारखांचे शिक्के, आणि मधल्या पानांवर कुणाच्या तरी चिवड्यातल्या हळदीचे बोट. अंक वेळेवर परत आला नाही तर पुढचा वाचक ग्रंथपालांपाशी रोज विचारणा करतो. या एका बाबतीत आमच्या वाचनालयात घाई चालते आणि ती मला मान्य आहे. दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांच्या काळात दिवाळी अंक तगतात कसे, असा प्रश्न दरवर्षी परिसंवादांत विचारला जातो. मला त्याचे एक कारण साधे वाटते. ते अशा वेळी हाती येतात, जेव्हा शहर वाचायला सवड देते.

ही सवड सर्वांना सारखी मिळत नाही, हे लिहिले नाही तर पत्र अप्रामाणिक ठरेल. इमारतीचा रखवालदार, बेस्टचा चालक, रुग्णालयातली परिचारिका यांना कार्तिक काय आणि श्रावण काय. घरकाम करणाऱ्या बायका मात्र बहुधा दिवाळी झाल्यावरच गावी जातात, कारण दिवाळीत त्यांच्यावाचून आपले चालत नाही. त्या आठ-दहा दिवसांचा पगार कापण्याचा हिशेब काही घरांत अजूनही केला जातो, तो लाजिरवाणा आहे. दहा मिनिटांत कोथिंबीर घेऊन येणाऱ्या दुचाकीस्वाराची घाई तर पूर्णपणे आपण निर्माण केलेली आहे. नोव्हेंबरात दादरच्या मंडईत हिरवा मटार, तुरीच्या शेंगा, आवळे, ओली हळद यांचे ढीग लागू लागतात. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने पिशवी घेऊन खाली उतरावे आणि भाव करताना चार शब्द बोलावेत. निदान या महिन्यापुरते मागवलेले सामान उद्या आले तर चालेल, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

आता मुख्य तक्रार. या मोकळ्या आठवड्यांवर अलीकडे सगळीकडून अतिक्रमण होते आहे. पावसाळ्यात थांबलेली खोदकामे याच वेळी सुरू होतात, आणि ज्या मंद वाऱ्याचे मी वर कौतुक केले तोच धूळ शहराबाहेर जाऊ देत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हवेची अवस्था अशी झाली की, महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली आणि मुंबई उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. नियम आहेत, हिरवे कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे हे सगळे त्यांत आहे. ते नोव्हेंबरात काटेकोरपणे पाळले गेले पाहिजेत, कारण पहाटे फिरायला निघालेल्या वृद्धाला याच महिन्यात धाप लागते.

रविवारची गोष्ट निराळी नाही. कुठे धावण्याची स्पर्धा, कुठे खाद्यमहोत्सव, कुठे प्रायोजकांच्या कमानी. शिवाजी पार्कला उच्च न्यायालयाने 2010 मध्ये शांतता क्षेत्र ठरवले, तरी आसपासच्या गल्ल्यांतले ध्वनिक्षेपक त्याची फारशी पर्वा करत नाहीत. येथे गैरसमज नको: 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा लाखोंचा समुदाय या तक्रारीत मुळीच येत नाही. रात्रभर रांगेत उभे राहून दर्शन घेणारी आणि परतताना शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून पुस्तकांच्या पिशव्या भरून नेणारी ती माणसे आपल्या श्रद्धेने येतात. माझा आक्षेप आहे तो मोकळा दिवस दिसला की तो विकायला काढणाऱ्या आयोजकांना.

तेव्हा नेमक्या मागण्या अशा. त्रिपुरी पौर्णिमेला बाणगंगेच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात, तेथे आपल्या परंपरेनुसार दिव्यांचा सण पुरा होतो. गृहनिर्माण संस्थांनी आणि मंडळांनी झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या विजेच्या माळा व शुभेच्छांचे फलक त्यानंतरच्या आठवड्यात उतरवावेत. आमच्या परिसरात त्या माळा नव्या वर्षापर्यंत लुकलुकत राहतात आणि तारा सालीत रुततात. मैदानांवर व उद्यानांत नोव्हेंबरच्या निदान दोन रविवारी कोणत्याही व्यावसायिक कार्यक्रमाला परवानगी देऊ नये. आणि मोडलेले बाक दिवाळीपूर्वी दुरुस्त व्हावेत, कारण शिवाजी पार्कचा कट्टा बुटका आहे, गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाला त्यावरून उठताना दुसऱ्याचा हात लागतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
दादर, मुंबई