रेडिओची कॉमेडी पण लिहा की

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश कॉमेडीवर लेख आला, आवडला, पण सगळा टीव्हीवरच, रेडिओबद्दल एक ओळ नाही याचं फार वाईट वाटलं म्हणून लिहायला बसलो.

बीबीसीचं लाइट प्रोग्रॅम नावाचं रेडिओ चॅनेल जुलै १९४५ ला सुरू झालं आणि पुढची दहाएक वर्षं तिकडे घरोघरी संध्याकाळ रेडिओपाशीच जायची. व्हॉल्व्हचा सेट, आधी डायलचा दिवा लागणार, मग घरघर, मग कुठे आवाज. पावणेसातला डिक बार्टनची पंधरा मिनिटांची हेरकथा असायची, ती १९५१ ला बंद झाली, आणि त्याच वर्षी गून शो हा विनोदी कार्यक्रम आला जो १९६० पर्यंत चालला. त्यातला स्पाइक मिलिगन १९१८ ला आपल्या अहमदनगरला जन्मलेला, वडील ब्रिटिश फौजेत होते, आणि या शोचं बरंचसं लिखाण त्याचंच. त्यातलाच नट पीटर सेलर्स हातात कागद धरून एकाच माइकपुढे उभा, आत्ता ब्लूबॉटल नावाचं चिरक्या आवाजाचं पोरगं आणि लगेच दुसऱ्या वाक्याला खर्जातला मेजर ब्लडनॉक, डोळे मिटून ऐका, दोन वेगळी माणसं दिसतात! मधेच मॅक्स गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन, मग परत गोंधळ सुरू.

आणि साउंडवाल्यांचं नाव कोणी घेत नाही हो. नुसत्या दाराच्या करकरीवर आणि पावलांच्या आवाजावर अख्खा वाडा उभा करायची ती माणसं. १९५८ ला बीबीसीनं असे आवाज तयार करायला रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं तर तिथे ब्लडनॉकच्या पोटातली गुडगुड खास टेपवर तयार केली, एवढ्याशा आवाजासाठी एवढी मेहनत, मला तर हीच खरी कला वाटते.

दुःख एकाच गोष्टीचं आहे, यातलं खूप काही जपलंच गेलं नाही. गून शोचे सुरुवातीचे बहुतेक भाग आज नाहीत, कॉमेडियन टोनी हॅनकॉकच्या अर्ध्या तासाच्या प्रोग्रॅमचेही (१९५४ ते १९५९) काही भाग गेले, जे नंतर सापडले त्यातले काही कुणीतरी घरी रेडिओवरून टेप करून ठेवले होते म्हणून. घरच्या टेपवर खरखर असते, सुरुवातीचे दोन शब्द तुटलेले असतात, तरी मी ते परत परत ऐकतो.

तेव्हा पुढच्या एखाद्या रविवारी रेडिओवर पानभर लेख द्या ना, आणि त्यात साउंडवाल्यांबद्दल नक्की लिहा.

आपला नियमित वाचक