किल्ली-कुलपाची उपमा येथे अपुरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेशींतील संदेशवहनावरील लेख आपल्या दैनिकात वाचला. इतका कठीण विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल आभार. मात्र संदेश वाहणारी प्रथिने एकमेकांना किल्ली-कुलपाप्रमाणे ओळखतात, एवढेच सांगून लेख पुढे सरकतो, ते मला खटकले. एमिल फिशर यांनी ही उपमा १८९४ साली एन्झाइमांसाठी योजली होती. संदेशवाहक प्रथिनांत कोण कोणाला धरणार, हे बहुतांशी त्यांतील 'डोमेन' या स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या भागांवर ठरते, आणि एकच डोमेन अनेक निरनिराळ्या प्रथिनांत आढळते.

कॅनडातील टोनी पॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ओळखलेले एसएच२ हे डोमेन सुमारे शंभर अमिनो आम्लांचे असून मानवाच्या शंभराहून अधिक प्रथिनांत ते आहे. त्याच्या एका खळग्यात आर्जिनिन हे धन भाराचे अमिनो आम्ल असते, आणि समोरच्या प्रथिनातील टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला गेला की त्याच्या ऋण भाराला हे आर्जिनिन धरून ठेवते. फॉस्फेट निघाला की बंध सुटतो. टायरोसिनच्या पुढे कोणती अमिनो आम्ले आहेत, याची पारख शेजारचा पृष्ठभाग करतो. सार्क काइनेज या फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमच्या एसएच२ला पुढे तिसऱ्या स्थानी आयसोल्युसिन मानवते, तर ग्रब२ या प्रथिनाच्या एसएच२ला दुसऱ्या स्थानी अस्पॅराजिन लागते. घडण तीच असूनही निवड निराळी होते ती अशी.

ग्रब२ हे प्रथिन तर मला विलक्षण वाटते. स्वतः कोणतीही रासायनिक अभिक्रिया घडवून न आणणाऱ्या या प्रथिनात मध्ये एक एसएच२ आणि दोन्ही बाजूंना एकेक एसएच३ डोमेन आहे. पेशीबाहेरून वाढीचा संकेत येऊन ग्राहीच्या (संकेत झेलणाऱ्या पेशीपटलावरील प्रथिनाच्या) टायरोसिनवर फॉस्फेट बसला की एसएच२ तेथे चिकटते. एसएच३ डोमेन प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध पट्ट्याला धरतात, आणि तसा पट्टा असलेले सॉस हे प्रथिन त्यांच्यासोबत पेशीपटलाजवळ येऊन रास या वाढीचा संकेत पुढे नेणाऱ्या प्रथिनाला कार्यान्वित करते. पेशीने विभाजित व्हावे की नाही, हा निर्णय अशा जोडण्यांवर अवलंबून असतो.

डोमेन आपल्याच प्रथिनालाही आवरून धरतात, ही बाब लेखात यायला हवी होती. एसएचपी२ या एन्झाइमचे एक एसएच२ डोमेन त्याचे क्रियास्थळ झाकून ठेवते. हे झाकण सैल करणारी उत्परिवर्तने नूनन सिंड्रोम या जनुकीय विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत आढळतात, आणि त्यांतील अनेक मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो.

आपल्या गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांत प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या शिकवल्या जातात. डोमेनचा उल्लेख क्वचितच होतो. हीच मुले पुढे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा ताळगावच्या विद्यापीठात जातात आणि तेथे ही कल्पना त्यांच्यासमोर एकदम येऊन ठाकते. १९७१ पासून चालू असलेली 'प्रोटीन डेटा बँक' सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि तिच्यातील ग्रब२ची रचना काणकोणच्या विद्यार्थ्यालाही संगणकावर फिरवून पाहता येते. आपल्या विज्ञान पानावर या एका प्रथिनाची आकृती मराठी नावांसह छापावी आणि तीत आर्जिनिनचा खळगा ठळकपणे दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा