न तपासलेल्या कडेला ‘तपासली’ लिहून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तपासणी सेवा विभाग

विषय : तेलाच्या टाकीच्या तळाची एमएफएल (मॅग्नेटिक फ्लक्स लीकेज, म्हणजे चुंबकानं पत्र्याची झीज शोधण्याची) तपासणी व त्यानंतरची गळती

महोदय,

लातूर एमआयडीसीत आमची सोयाबीन तेलाची मिल आहे. आमच्या कच्च्या तेलाच्या टाकीचा तळ तुमच्या माणसांनी मार्चमध्ये तपासला. टाकीचा व्यास ८ मीटर, तळाला ६ मिलिमीटरचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा, त्यावर इपॉक्सीचा थर. ‘संपूर्ण तळाची १०० टक्के तपासणी झाली, ४० टक्क्यांहून जास्त झीज कुठेही नाही,’ असा अहवाल तुम्ही सहीशिक्क्यानिशी दिलात. त्या भरवशावर आम्ही टाकी भरली. ऑगस्टमध्ये रात्रपाळीच्या फिटरला ओट्याच्या कडेची माती तेलानं चिकट झालेली दिसली.

टाकी रिकामी करून धुतली, तेव्हा भोक सापडलं ते शेलपासून, म्हणजे टाकीच्या उभ्या भिंतीपासून, जेमतेम चार बोटांवर. तिथला कापून काढलेला तुकडा हे पत्र लिहिताना माझ्यासमोर आहे. वरून इपॉक्सी धड आहे, मधे मुगाच्या दाण्याएवढं छिद्र. उलटा केला, की भाकरीला सुटतो तसा गंजाचा पापुद्रा हातात येतो आणि छिद्राभोवती वाटीसारखा खड्डा दिसतो. पाच महिन्यांत पडणारा हा खड्डा नव्हे.

हा गंज वरून दिसत नाही, म्हणूनच तर आम्ही एमएफएल करून घेतली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरून बसते आणि पत्रा खालून खाल्ला जातो. काम ठरवताना तुमच्याच इंजिनिअरनी मला नीट समजावलं होतं : जोरकस चुंबकानं पत्रा पुरता भारला, की जिथं तो पातळ झालाय तिथून चुंबकीय रेषा बाहेर फुटतात आणि सेन्सर त्या टिपतो, खड्डा वरच्या अंगाला असो की खालच्या. मला ते पटलं, आजही पटतं. पद्धतीवर माझा काडीचाही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो कामावर. चाकांचा मोठा स्कॅनर शेलच्या अगदी जवळ जाऊ शकत नाही, तिथं हँड स्कॅनर लागतो. तो तुमच्या माणसांनी आणलाच नव्हता. आमचे सुपरवायझर दिवसभर मॅनहोलपाशी होते. त्यांनी विचारलं, ‘कडेचं काय?’ उत्तर मिळालं, ‘ते सॉफ्टवेअरमध्ये येतं.’ जिथं सेन्सर फिरलाच नाही तिथलं सॉफ्टवेअरमध्ये काय येणार?

कॅलिब्रेशनचंही तेच. तेवढ्याच जाडीच्या, मोजून खड्डे पाडलेल्या पत्र्यावर, आमच्याइतकाच थर मधे ठेवून मशीन आधी लावून घ्यायला हवं होतं, कारण थराची जाडी वाढली की सिग्नल क्षीण होतो. तशी प्लेट आमच्या आवारात कुणी पाहिली नाही, पण अहवालात मात्र तिची नोंद आहे. शिवाय एमएफएल थेट जाडी मोजत नाही. संशयाच्या जागी अल्ट्रासोनिक गेज लावून खात्री करावी लागते. अहवालातली पाचही रीडिंग तळाच्या मधल्या भागातली आहेत.

‘कडेचा पट्टा तपासता आला नाही,’ एवढं एक वाक्य लिहिलं असतंत, तरी तेवढ्या पट्ट्याची जाडी आम्ही गेजनं मोजून घेतली असती. तुम्ही ‘१०० टक्के’ लिहिलंत.

तेल गेलं, टाकी तीन आठवडे बंद राहिली, ते नुकसान मोजता येईल. शेजारी पिण्याच्या पाण्याची बोअर आहे, तिच्या काळजीनं मला झोप नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. इथं एक बोअर नासणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळतं.

म्हणून मागणी अशी : जुना अहवाल लेखी रद्द करा, कारण त्याची प्रत आम्ही विमा कंपनीला दिली आहे. तपासणीची फी परत करा, पत्रा बदलण्याचा आणि गेलेल्या तेलाचा खर्च द्या. बोअरच्या पाण्याच्या प्रयोगशाळा तपासणीचा खर्चही तुमच्याकडे. आणि कडेसह पूर्ण तळ पुन्हा, विनाशुल्क, आमच्या समोर कॅलिब्रेशन करून तपासा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवू.

कापलेला तुकडा जपून ठेवला आहे. अहवालावर ज्यांची सही आहे त्यांनी स्वतः येऊन तो पाहावा. येताना हँड स्कॅनर आणि कॅलिब्रेशन प्लेट सोबत आणावी.

आपला,
मिल मालक, लातूर

सोबत : अहवालाची प्रत, पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, खर्चाची बिलं