कोलोराडोतील हरणाच्या शिकारीची सहल : विनापरवाना आउटफिटरबाबत तक्रार व रक्कम परत मिळण्याची मागणी

प्रति,
संचालक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या कंपनीमार्फत मी आणि माझा मेव्हणा कोलोराडोत गनिसनजवळ म्यूल डिअर जातीच्या हरणाच्या शिकारीला गेलो होतो. पाच दिवसांची सहल, माणशी ५,८०० डॉलर. ती तिसऱ्या दिवशी दुपारीच संपली. परत आल्यावर मी तुमच्या कार्यालयात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "जंगल आहे साहेब, शिकारीची हमी कुणीच देत नाही." म्हणून आता लेखी कळवतो आहे. हरीण मिळण्याची हमी मी कधीच मागितली नव्हती. ज्या आउटफिटरच्या, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची व्यवस्था करणाऱ्याच्या, हाती तुम्ही आम्हाला सोपवलंत त्याच्याकडे हा धंदा करण्याची नोंदणीच नव्हती, आणि ती तपासली असल्याचं तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत. माझी तक्रार याबद्दल आहे.

आम्ही दोघं महाराष्ट्रात वाढलो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिथे शिकार म्हणजे गुन्हा, आणि तिथे तो असायलाच हवा. इलिनॉयमध्ये आल्यावर शेजाऱ्यांमुळे इथली पद्धत कळली. कुठल्या भागात किती जनावरं मारू द्यायची हे राज्य दर वर्षी ठरवतं आणि परवान्याचा पैसा वन्यजीवांच्या देखभालीला जातो. मी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम रीतसर पुरा केला, दोन वर्षं नुसती नेमबाजी केली आणि मगच रानात पाऊल टाकलं. माझ्या आईला हे आजही पसंत नाही. तिला मी एकच शब्द दिला आहे : जे करीन ते कायद्यात राहून करीन आणि जनावराचे हाल होऊ देणार नाही. या सहलीत तो शब्द मोडला. पैशांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं आहे.

कोलोराडोत हरणाचा परवाना सोडतीनं मिळतो. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा, पहिल्या पसंतीला नंबर लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट पदरात पडतो, म्हणजे पुढच्या सोडतीत प्राधान्य देणारा गुण. आम्ही दोघांनी सहा वर्षं ते जमवले. पहिल्या पसंतीचा परवाना लागला की सगळे पॉइंट शून्यावर येतात. तुम्ही उद्या सगळी रक्कम परत केलीत तरी ती सहा वर्षं काही परत येत नाहीत.

आणि गाईड घेणं आमच्यावर बंधनकारकही नव्हतं. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात मोठ्या जनावराची शिकार करायची तर गाईड किंवा तिथला रहिवासी सोबत लागतो. कोलोराडोत तशी सक्ती नाही. आम्ही गाईड घेतला कारण ते रान आम्हाला ठाऊक नव्हतं आणि चूक करायची नव्हती. तुमच्याकडे आलो कारण माणूस आपला, मराठीत बोलतो, आडपडदा न ठेवता विचारता येईल असं वाटलं.

विचारलंही. जूनमध्ये आगाऊ रक्कम भरण्याआधी तुमच्या कार्यालयातल्या ताईंना मी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. आउटफिटरचा राज्याकडचा नोंदणी क्रमांक काय, तो आम्हाला कुणाच्या जमिनीवर नेणार, आणि एका गाईडमागे शिकारी किती. त्या म्हणाल्या, "काका, तिकडचं सगळं आमच्यावर सोडा. आम्ही स्वतः कागद बघितल्याशिवाय कुणाला यादीत घेतच नाही." दुसऱ्या दिवशी तुमचा ईमेल आला. त्यात 'पूर्ण तपासलेला आउटफिटर', '१२,००० एकरांचं खासगी रँच' आणि 'दोन शिकाऱ्यांमागे एक गाईड' असं स्पष्ट लिहिलं आहे. नोंदणी क्रमांक मात्र त्यात नव्हता. पुन्हा मागितला तेव्हा "पाठवतो" असं उत्तर आलं. तो शेवटपर्यंत आला नाही.

तिथे पोहोचलो तेव्हा तंबूत पाऊल ठेवताच आउटफिटरनं उरलेली निम्मी रक्कम रोख मागितली. करार लेखी हवा असं मी म्हटलं, तर त्यानं वहीच्या पानावर आकडा लिहून सही केली. आमच्यासारखे आणखी दोघे तिथे आधीच होते, म्हणजे चौघांत एक गाईड. तो विशी-बाविशीतला मुलगा, अकरा दिवसांपूर्वीच दुसऱ्या राज्यातून कामाला आलेला. घोडे नव्हते. गाईडकडे प्रथमोपचाराचं कार्ड असणं कोलोराडोत आवश्यक आहे. त्याच्याकडे ते नव्हतं आणि मलमपट्टीची पेटीही नव्हती. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मात्र मला सविस्तर लिहायलाच हवी.

उजेड जायला अर्धा तास उरला असेल. ॲस्पेनच्या झाडीतून एक नर उतारावर आला, आमच्यापासून बराच लांब. मेव्हणा म्हणाला, अंतर जास्त आहे, थांबतो. गाईड कानाशी लागला, "मार, मार, जातोय." त्या घाईत मेव्हण्यानं गोळी झाडली. हरीण पाठीची कमान करून, चारही पाय गोळा करून झाडीत शिरलं. आम्ही जागेवर गेलो तेव्हा वाळलेल्या पानांवर थोडंसंच रक्त होतं. काळपट, पातळ, आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवट कण. गोळी छातीत लागली असती तर रक्त लाल, फेसाळ दिसलं असतं. हे रक्त पोटातलं होतं. अशा वेळी काय करायचं हे पहिल्याच वर्गात शिकवतात : मागे फिरायचं, कित्येक तास थांबायचं. जनावर जवळच कुठेतरी बसतं आणि बसल्या जागी जीव सोडतं. लगेच मागे लागलात तर ते उठून दूर जातं.

मी गाईडला हे सांगितलं. तो डोक्याला विजेरी बांधून सरळ झाडीत घुसला. शंभर पावलांवर फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि मग उतारावर खाली, लांब लांब जाणारा खुरांचा आवाज. पंधरा मिनिटांत तो परत आला आणि म्हणाला, "सोडा ते, कोयोटे (इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) खातील. उद्या दुसरं मिळवून देतो."

एका परवान्यावर एकच हरीण मारता येतं. जखमी केलेल्या जनावराचा माग काढण्याचा प्रयत्न करणं हा तिथला कायदाच आहे. गाईड आम्हाला दोन्ही मोडायला सांगत होता. आम्ही रात्रभर झोपलो नाही. पहाटे दोघंच निघालो आणि दहाच्या सुमाराला एका कोरड्या ओढ्यात ते सापडलं. मागचा भाग खाल्लेला होता. मेव्हण्यानं नियमाप्रमाणे आपला टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी, त्यालाच लावला आणि त्याची शिकार तिथे संपली. तो मोठा माणूस त्या ओढ्यात दगडावर बसून रडला. मी चाकूनं जेवढं मांस वाचवता येईल तेवढं वाचवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिसचा अधिकारी भेटला. त्यानं गाईडकडे परमिट मागितलं तेव्हा आम्हाला कळलं की आपण खासगी रँचवर नाहीच, कुंपण ओलांडून राष्ट्रीय वनाच्या हद्दीत आहोत. फोनवरच्या नकाशातही ती रेघ स्पष्ट दिसत होती. वनजमिनीवर पैसे घेऊन शिकारी न्यायचे तर आउटफिटरला विशेष परमिट लागतं. ते नव्हतं. आमचे परवाने, नारिंगी जॅकेट, टोप्या, सगळं नियमात होतं म्हणून आमच्यावर काही आलं नाही. पण भर रानात पोलिसी गणवेशातल्या माणसासमोर तासभर जबाब देत उभं राहण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. आउटफिटर संध्याकाळी तंबू गुंडाळून गेला.

घरी आल्यावर मी कोलोराडोच्या आउटफिटर नोंदणी कार्यालयाच्या यादीत त्याचं नाव शोधलं. ही यादी सर्वांना खुली आहे आणि बघायला दोन मिनिटं लागतात. त्याच्या नावावर चालू नोंदणी नाही. म्हणजे राज्य ज्या अटींवर नोंदणी देतं, १०,००० डॉलरचा बाँड (हमीची रक्कम) आणि दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा दायित्वाचा विमा, त्यातलं काहीही आमच्या पाठीशी नव्हतं. आमच्यापैकी कुणी एखाद्या कड्यावरून घसरलं असतं तर? ही यादी मी जूनमध्येच बघायला हवी होती, हे मला मान्य आहे. तुमच्या शब्दावर विसंबलो. पण तपासणी करून देण्याचेच तर तुम्ही पैसे घेता.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. आम्ही दोघांनी मिळून भरलेले ११,६०० डॉलर परत करा. त्यातली निम्मी रक्कम तुमच्याकडे आली आहे. उरलेली आउटफिटरकडून वसूल करणं हे तुमचं काम आहे, त्याला निवडलं तुम्ही. त्याचे जे कागद तुम्ही 'स्वतः बघितले' म्हणता त्यांच्या प्रती मला पाठवा. आणि एप्रिलमधली सोडतीच्या अर्जांची मुदत येण्याआधी त्या आउटफिटरचं नाव तुमच्या यादीतून काढा, यापुढे प्रत्येक आउटफिटरच्या नावापुढे नोंदणी क्रमांक छापा. पुढच्या वर्षी माझ्यासारखीच आणखी कुणीतरी सहा वर्षांचे पॉइंट घेऊन तुमच्याकडे येणार आहेत.

आउटफिटरविरुद्ध कोलोराडोच्या नोंदणी कार्यालयाकडे मी तक्रार केली आहे. तुमच्याविरुद्ध अजून कुठेही केलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे अर्ज करीन.

सोबत तुमच्या ईमेलची प्रत, आगाऊ रकमेची पावती, वहीच्या पानावरची सही आणि ओढ्यातल्या त्या टॅग लावलेल्या हरणाचा फोटो जोडला आहे. फोटो कृपया ताईंनाही दाखवा.

आपला,
एक ग्राहक
(मेव्हण्याच्या संमतीनं, दोघांच्या वतीनं)