सातारचे डोंगर दाखवणाऱ्या चित्रकलेच्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे हो बाई" म्हणता आणि पुढच्या शनिवारच्या कागदांचं काढता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

आमच्यासारख्या लहान शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक नसतो. गणित शिकवते तीच बाई चित्रकलेचा तास घेते आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणितालाच जातो. तुम्ही निवृत्तीनंतर आपणहून शनिवारच्या सकाळच्या शाळेला येऊ लागलात, आणि सहावीच्या वर्गाचं चित्रच पालटलं.

पहिल्याच तासाला तुम्ही मुलांना फक्त "डोंगर काढा" म्हणालात. झाडून सगळ्या कागदांवर दोन त्रिकोण आणि मधोमध सूर्य. तुम्ही कुणालाही चूक म्हणाला नाहीत. सगळ्यांना मैदानात नेलंत आणि विचारलंत, "यातला टोकदार कुठला, दाखवा बरं." मुलं गर्रकन फिरून बघू लागली. अजिंक्यतारा किल्ला सपाट, यवतेश्वराच्या डोंगराचा माथा सपाट. मग तुम्ही सांगितलंत की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर पसरले, कठीण थर टिकले, मऊ झिजले, म्हणून आपल्या डोंगरांना अशा पायऱ्या आणि सपाट माथे आहेत. पुस्तकातला बेसाल्ट, म्हणजे हाच थिजलेल्या लाव्हाचा खडक, मुलांना त्या दिवशी समोर उभा दिसला.

मग तुम्ही सिल्हूट शिकवायला घेतलंत. सिल्हूट म्हणजे मागं रंगीत आकाश आणि पुढं नुसती काळी आकृती, एवढंच मला ठाऊक होतं. त्या आकृतीत पान नाही, खिडकी नाही, डोळा नाही. जे सांगायचं ते कडेनंच सांगायचं, म्हणून कड नीट बघावी लागते, हे तुम्ही मुलांच्या मनावर ठसवलंत. आता अजिंक्यतारा काढताना माथ्यावरचा टीव्हीचा मनोरा कुणी विसरत नाही.

एका मुलीनं किल्ल्याच्या बरोबर मागं सूर्य मावळताना दाखवला होता, तो प्रसंग मला फार आवडतो. तुम्ही तिला एवढंच विचारलंत, "आपल्या मैदानातून किल्ला कुठल्या दिशेला?" ती म्हणाली, दक्षिणेला. "आणि सूर्य मावळतो कुठं?" ती किल्ल्याकडं तोंड करून उभी राहिली, उजवा हात लांब केला आणि स्वतःशीच हसली. दुसऱ्या कागदावर तिनं पिवळा उजव्या कडेला लावला आणि डावीकडं जाता जाता आकाश जांभळं होत गेलं. किल्ला तोच, पण ती संध्याकाळ साताऱ्याची झाली.

आकाशाचं काम तुम्ही घाई न करता शिकवलंत. जाड कागद पुठ्ठ्याला चारी बाजूंनी टेपनं चिकटवायचा, चपट्या ब्रशनं साध्या पाण्यानं ओला करायचा आणि त्यावर चमक असतानाच रंग सोडायचा. क्षितिजाशी पिवळा, वर नारिंगी, मग गुलाबी, अगदी वर निळा. पिवळा आणि निळा शेजारी आले तर आकाश हिरवं पडतं, म्हणून मधे गुलाबी हवाच. पुठ्ठा तिरका धरला की रंग आपोआप एकमेकांत उतरतात, तिथं ब्रश लुडबुडू द्यायचा नाही. रात्रीच्या आकाशावर ओलेपणीच चिमूटभर मीठ टाकलं की प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. त्या दिवशी मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला होता.

सगळ्यात अवघड म्हणजे थांबणं. ओल्या आकाशावर काळा लावला की त्याला मुळ्या फुटतात आणि डोंगर आभाळात पसरतो. कागदाला हाताची मागची बाजू लावायची, गार लागला तर अजून ओला आहे, हे तुम्ही शिकवलंत. आता मुलं एकमेकांच्या कागदांना हात लावून "गार आहे, थांब" असं बजावतात. हीच मुलं डबा खायला घंटेपर्यंत थांबत नाहीत!

कागद वाळेपर्यंत तुम्ही गोष्टी सांगितल्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांच्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी शिल्पही आहे, हे ऐकून पोरं औंधला जायचा हट्ट धरून बसली आहेत.

मग काळा. तोही सरसकट नाही. लांबच्या डोंगराला आकाशातलाच जांभळा, भरपूर पाण्यात. त्याच्या अलीकडचा थोडा गडद. आणि अगदी जवळच्या झाडाला मात्र घट्ट काळा पोस्टर कलर. मधल्या हवेतली धूळ आणि दमटपणा यांमुळं लांबचं फिकं दिसतं, हे मुलांनी सकाळी शाळेत येता येता स्वतः पडताळून पाहिलं. ज्याचं आजोळ पवनचक्क्यांच्या पठारावर, चाळकेवाडीकडं आहे, त्या मुलानं पवनचक्क्या काढल्या. एरवी तो वही झाकून बसतो. त्या दिवशी मात्र पात्यांमधलं अंतर सारखंच असतं, असं तो बाकीच्यांना ठासून सांगत होता.

सर, सुरुवातीचा कागद आणि ब्रश तुम्ही पदरचे पैसे घालून आणलेत, हे मला दुकानदाराकडून कळलं. पालकांनी आता वर्गणी काढली आहे. यापुढं खिशात हात घालायचा नाही, ही त्यांची आणि माझी विनंती आहे. सगळी चित्रं व्हरांड्यात लावली आहेत. न्यायला येणारे आजीआजोबा आधी नातवाचं चित्र शोधतात, मग आपल्या गावाकडचा डोंगर.

मुलांची एक मागणी आहे. संगम माहुलीची देवळं त्यांना नदीकाठी बसून काढायची आहेत, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं. कळसाच्या मागं उजेड कुठल्या वेळी येतो, ते तुम्हालाच ठाऊक. तेवढी वेळ आणि तारीख कळवा, गाडीचं आणि डब्यांचं मी बघते.

आपली,
सहावीची वर्गशिक्षिका, सातारा