टीप सेटिंगच्या वरच्या ओळीतच हवी

महोदय,

सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलींची (ज्यांत सेटिंग लिहिलेली असतात त्यांची) माहिती कुठे लिहून ठेवायची, असे विचारले की ‘विकीवर’ (सगळ्यांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावर) हे उत्तर ठरलेले असते. सर्व्हर कोसळतो तेव्हा विकीचे पानही उघडत नाही, कारण पुष्कळदा तेही त्याच सर्व्हरवर असते!

एखाद्या सेटिंगचा अर्थ काय, त्यात काय काय चालते, हे लिनक्सच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे मदतीच्या पानात, असतेच. फाइलींच्या रचनेसाठी त्यात ५ वा विभाग राखलेला आहे. उदाहरणार्थ क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवण्याचे वेळापत्रक: नुसते ‘मॅन क्रॉनटॅब’ दिले तर कमांडची माहिती उघडते; वेळेचे पाच रकाने पाहायचे तर ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ द्यावे लागते. हा मजकूर उतरवून ठेवू नये, पुढच्या आवृत्तीत तो शिळा होतो. पानाचे नाव आणि विभाग लिहिला की पुरे.

मॅन पेज सांगू शकत नाही ते एवढेच, की आपण हाच आकडा का घातला. ते फाइलीतच लिहावे: तारीख, कारण, आधीचा आकडा आणि बदल कधी काढून टाकता येईल ते. मात्र सेटिंगच्या वर, स्वतंत्र ओळीत. त्याच ओळीत पुढे # टाकून लिहिण्याची खोड महागात पडते. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिट फाइलीत, म्हणजे सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत, ‘रिस्टार्ट=ऑलवेज’पुढे (बंद पडली की पुन्हा सुरू कर) टीप जोडली, तर ती सेटिंगच्या मूल्याचाच भाग धरली जाते. सिस्टिमडी लॉगमध्ये एक इशारा नोंदवून ती ओळ सोडून देते, आणि बंद पडलेली सेवा पुन्हा उठत नाही. शिवाय ‘यूएसआर’ डिरेक्टरीखालच्या, पॅकेजबरोबर आलेल्या मूळ युनिट फाइलीत हात घालू नये, पॅकेज अपग्रेड झाले की बदल आणि टीप दोन्ही पुसले जातात. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ या कमांडने वेगळी फाइल होते, ती टिकते.

जेसन या प्रकारच्या फाइलीत टीप लिहिताच येत नाही. तिथे शेजारी वेगळी फाइल ठेवावी लागते, पण आधी त्या डिरेक्टरीचा नियम पाहावा. डेबियन लिनक्सवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या ‘साइट्स-एनेबल्ड’ डिरेक्टरीमध्ये टाकलेली कोणतीही फाइल कॉन्फिगरेशन म्हणूनच वाचली जाते, साधी टिपणाची फाइलही पुढचे रीलोड (कॉन्फिगरेशन पुन्हा वाचणे) अडवते. ‘सुडोअर्स.डी’त (ॲडमिनचे अधिकार कोणाला, हे ठरवणाऱ्या फाइलींच्या डिरेक्टरीत) उलट, नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही.

कोणी कधी काय बदलले, यासाठी ‘ईटीसी’वर, म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलींच्या डिरेक्टरीवर, ईटीसीकीपर हे बदलांची नोंद ठेवणारे साधन लावावे. त्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असलेली शॅडो फाइलही जाते, म्हणून ती गिट रिपॉझिटरी (बदलांच्या नोंदींचा साठा) बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू नये.

– एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर