माका, मले, मला

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा अकोला स्टेशनवर खिडकीची सळई धरून तुम्ही म्हणालात, ‘‘तुले कोन्या एका गावची होऊच नाही देल्लं म्या.’’ तेवढ्यात गाडी हलली आणि मी नुसताच हात हलवत राहिले. मनमाड येईपर्यंत तेच वाक्य कानात होतं. पंचाहत्तरी गाठलीत आणि इतकी वर्षं हे मनात घेऊन बसला होतात, मला पत्ताच नव्हता. फोनवर मला हे धड बोलता येणार नाही, गळा भरून येईल, म्हणून लिहिते आहे. आई, तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे.

मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येते-जाते ते मुद्दामच. गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या या एका गाडीत माझं जवळजवळ सगळं लहानपण बसलंय. अकोल्याला डब्यात ‘काहून’ चढतं, भुसावळला बोलण्याचा हेल बदलतो, दौंड सोडलं की आणखी वेगळा होतो. मी पुण्याला उतरते तेव्हा गाडी पुढे कोल्हापूरला निघालेली असते. तिलारी तेवढी या रुळांवर नाही.

तिलारीच्या धरणावर तुमची पहिली मोठी नेमणूक, दोडामार्गला आईच्या शेजारच्या घरात मिळालेली खोली, मग लग्न, मग मी. हे तुम्हीच शंभरदा सांगितलं आहे. त्यानंतरचं मी सांगते, कारण ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही.

तुम्ही हतनूरच्या कालव्यावर आलात आणि मी भुसावळला तिसरीत बसले. बाईंनी विचारलं, जादाची पेन्सिल कुणाला हवी? मी हात वर करून म्हटलं, ‘‘माका.’’ सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून माझं नावच ‘माका’ पडलं. पाणी प्यायला गेलं तरी माका, खो खोचे गडी निवडताना सगळ्यात शेवटी उरलेली माका. दिवाळीपर्यंत मी तोंड उघडलं नाही आणि दिवाळीनंतर उघडलं ते ‘मले’ म्हणतच. आणि तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. हा ‘मले’ तर मूर्तिजापूरच्या आजीचा! आजीचा ‘डोया’सुद्धा तिथे होता. आजी कधी भुसावळला आली नव्हती आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी वऱ्हाड पाहिलं नव्हतं, तरी दोन्हीकडचा ‘ळ’ एकाच वाटेनं ‘य’ झाला होता. आठ वर्षांच्या मुलीला हे कळलं, कारण दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर ती एकटीच उभी होती.

बहिणाबाई चौधरींचं असोदं तिथून जवळच. बाईंनी त्यांची कविता वाचली तेव्हा त्याच ‘मले’वर वर्ग ताठ बसला, अभिमानानं. छापून आलेल्या शब्दाला कुणी हसत नाही, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

मग दूधगंगेच्या कामावर तुमची बदली झाली, आणि सहावी-सातवी कोल्हापूरकडे. तिथे मुली, बायका सगळ्याच ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. ते माझ्या तोंडात इतकं बसलं की आठवीत पुण्याच्या शाळेत पहिल्या दिवशी उशीर झाला तेव्हा दारात उभी राहून मी म्हणाले, ‘‘बाई, मी आलो.’’ बाईंनी विचारलं, ‘‘मुलगी आहेस की मुलगा?’’ मग सगळ्या वर्गासमोर तीनदा ‘मी आले’ म्हणायला लावलं.

ते वर्ष मी आज गोड करून सांगणार नाही. ते वाईटच होतं. आई, डबा अर्धा परत यायचा आणि तुला वाटायचं, भाजी आवडली नसेल. मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायचे, तिथे बसून एकटीनं खायची लाज वाटायची. कुणी बोलावत नसे, म्हणून मी ऐकत असे. कोण कुणाशी बोलताना आवाज खाली घेते, कोण सगळ्यांबरोबर हसते पण अर्धा क्षण उशिरा, शिपाईमावशी मुख्याध्यापकांशी वेगळं बोलतात आणि आपल्या नवऱ्याशी फोनवर वेगळं. ज्या मुली एकमेकींत रमल्या होत्या त्यांना हे ऐकायची गरज नव्हती. मला होती. कुठे हसतील आणि कुठे नाही, हे आधी कळलं तरच दिवस निभायचा.

त्याच वर्षी ती वही सुरू झाली. दोनशे पानी, खाकी कव्हरची. तुम्हाला वाटायचं भूगोलाची आहे. आत पट्टीनं आखलेले पाच रकाने: आई, बाबा, भुसावळ, कोल्हापूर, पुस्तक. पहिली ओळ होती: माका, मले, मले, मला, मला. दोन ‘मले’ शेजारी आले म्हणून त्यांच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढलाय. चौथ्या पानावर टोमॅटो आहे. तुमच्या रकान्यात लिहिलंय ‘भेदरं’, आणि कंसात, ‘आजी चटणी करते ते’.

मुंबईला वाचोपचार शिकायला आले तेव्हा एका ग्रंथालयात ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केलेल्या भारतातल्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड हाती लागला. १९०५ सालचा. त्यानं ठिकठिकाणच्या बोलींचा नमुना म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगवून घेतली आहे: घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो ती, बायबलातली. पानं उलटत गेले तसतसा तोच बाप कुडाळकडचं बोलायला लागला, मग वऱ्हाडकडचं. माझीच वही कुणीतरी ऐंशी-नव्वद वर्षं आधी आखून ठेवली होती! त्या दिवशी मी वसतिगृहावर जेवायला गेले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एक काका आले, वाशीमकडचे शेतकरी, वय साठीच्या पुढचं. हिंजवडीला मुलाकडे राहायला आले होते आणि तिथेच पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की बहुतेकांचा उजवा हात जातो आणि त्याबरोबर वाचाही जाऊ शकते. बुद्धी जागेवर असते, माणसं ओळखू येतात, फक्त शब्द हाताला लागत नाही. आम्ही चित्रांची कार्डं दाखवतो आणि हे काय म्हणून विचारतो. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलीनं त्यांची तपासणी केली होती. टोमॅटोच्या कार्डासमोर तिनं लिहिलं होतं: ‘चुकीचं उत्तर. घाबरल्याचं सांगतात. प्रश्न समजत नसावा.’ मुलगी हुशार आहे, मनापासून काम करते. पण ती पुण्यात जन्मली, पुण्यात वाढली. ‘भे… भेदर…’ ऐकल्यावर तिला भेदरलेला माणूसच दिसणार.

मी ते कार्ड पुन्हा त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, ‘‘भेदरं व्हय ना, काकाजी?’’

त्यांनी डाव्या हातानं माझ्या एप्रनची बाही धरली ती सोडीचनात. आठ दिवस झाले होते त्यांना दवाखान्यात येऊन. उत्तर बरोबर देत होते आणि समोरचा प्रत्येक जण मान हलवून पुढच्या कार्डाकडे जात होता.

मग त्यांची सगळी कार्डं मी नव्यानं तपासली. सतरा चुकांपैकी पाच चुका नव्हत्याच. बाकीच्या बारांवर आम्ही काम केलं. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, पण त्यांच्या पत्नीनं ‘गण गण गणात बोते’ सुरू केलं तेव्हा काकांनी ते पुढे सलग म्हटलं, एकही अक्षर न अडखळता. रोज म्हणून म्हणून जिभेवर बसलेलं, लयीतलं बोलणं असं पुष्कळदा वाचतं. मेंदूच्या उजव्या बाजूचाही त्यात हात असतो. अंक, वार, आरती, कधीकधी शिव्यासुद्धा वाचतात. त्या लयीचं बोट धरून आम्ही एकेका शब्दापर्यंत गेलो. सातव्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं: ‘‘मले घरी जा लागते.’’ मुलगा रडला. मीही रडले, पण नंतर, जिन्यात.

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याची गोष्ट शिकवतात. १८६१ मध्ये पॅरिसला त्यांच्याकडे एक रुग्ण आला. तो एकवीस वर्षं रुग्णालयात होता आणि विचारलेल्या कशालाही उत्तर म्हणून ‘तान’ एवढंच बोलू शकत असे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला आणि डाव्या भागातली जखम दाखवली. वाचेची जागा सापडली ती तिथून. परीक्षेत हे पाच मार्कांना येतं. पण वर्गात ऐकताना मला दुसरंच टोचलं. त्याचं आडनाव लबोर्न्य होतं आणि सगळं रुग्णालय त्याला ‘तान’ म्हणायचं. माका म्हणून हाक मारलेल्या मुलीला ते कसं वाटलं असेल, तुम्हीच सांगा. म्हणून मी आमच्या खोलीत कुणाला ‘बेड नंबर सहा’ म्हणू देत नाही. आणि कार्डांच्या यादीत ‘आणखी चालतील असे शब्द’ हा रकाना यावा म्हणून वरिष्ठांशी दोन वर्षं भांडले. बैठकीत माझ्या बाजूनं कुणी नसायचं. त्याची भीती वाटली नाही, कारण कुणी बाजूला नसण्याची सवय मला आठवीपासून आहे. आता तो रकाना आहे. मालवणी, वऱ्हाडी, भुसावळकडची लेवा बोली, कोल्हापुरी, सगळं मी माझ्या वहीतून भरलं.

तेव्हा बाबा, तुम्ही मला एका गावाची होऊ दिलं नाहीत हे खरंच आहे. पण त्या काकांनी माझी बाही धरली तेव्हा मला त्यांच्या गावची होता आलं, ते त्यामुळेच.

तरी एक सांगते. परकं राहिल्यानं बळ येतंच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्याकडे मुलं येतात. शाळेत हसतात म्हणून घरी दर वाक्याला दुरुस्त केलेली. ‘असं नाही, असं म्हण.’ त्यांच्या परीनं आईबाप मायेनंच करतात, पण बाहेर हसू आणि घरात दुरुस्ती, मग त्या मुलानं बोलायचं कुठे? काही जण बोलणंच सोडतात. माझं तसं झालं नाही, त्याचं कारण आपलं जेवण. आई वाढताना विचारायची, ‘‘तुमका भात होयो?’’ आणि तुम्ही म्हणायचात, ‘‘मले नाही पाह्यजे.’’ एका ताटाला सोलकढी, दुसऱ्याला ठेचा. वीस वर्षांत तुम्ही एकमेकांचा एक शब्द सुधारला नाहीत. मी भुसावळहून, कोल्हापूरहून काय काय तोंडात घेऊन यायचे, तेही तुम्ही चालवून घेतलंत. बाहेर कुठेही बसले नाही तरी त्या पाटावर माझी जागा ठरलेली होती. दारं बदलली, पाट तोच राहिला. जिन्याखाली उभं राहायची ताकद मला तिथून मिळायची. त्या वेळी हे कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

आणि आई, आता तुझ्याशी. अकोल्याला राहायला गेलात तेव्हापासून तुझी मालवणी मी ऐकलेली नाही. परवा चार दिवसांत एकदाही नाही. वाड्यातल्या बायका हसल्या म्हणून तू ती सोडलीस, हे मला मावशीनं सांगितलं. तू तर कधी बोलली नाहीस. मी जिन्याखाली होते तेव्हा तूही कुठेतरी तशीच उभी होतीस, आणि डबा भरत होतीस. नातीशी फोनवर पुस्तकातलं बोलतेस, ‘बाळा, जेवलीस का’ म्हणतेस, तेव्हा मला माझी आई ऐकू येत नाही.

तुझ्या नातीला ती वही सापडली आहे. तिनं पहिला रकाना बोटानं वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, यातलं ‘चेडू’ म्हणजे काय, आणि हे कसं म्हणायचं, वर सूर की खाली? मी सांगितलं नाही. म्हटलं, ज्यांचा रकाना आहे त्यांना विचार.

रविवारी सकाळी अकराला ती फोन करणार आहे, वही पुढ्यात घेऊन. बाबा, तुम्हीही जवळ बसा, तुमच्या रकान्यातलंही बरंच विचारायचं आहे तिला. ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, मी रजा टाकते.

तुमची
बाय